बेसनाच्या डब्यातला कार्यक्रम

टीव्हीवर दिसायला लागण्याआधी माझे बाबा कीटकशास्त्रज्ञ होते. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण डॉक्टर मुकुंद कारेकर म्हटलं की त्या काळी शारजा-दुबईत राहिलेल्या माणसांना आधी टोपी आठवते. खाकी, रुंद काठाची, एका बाजूने वर दुमडलेली. शिकारीला निघालेल्या साहेबाने घालावी तशी. बाबांचं सगळं काम धान्याच्या गोदामांत, म्हणजे जिथे ऊन शिरतच नाही तिथे. पण चॅनलवाल्यांचं म्हणणं पडलं की शास्त्रज्ञ हा शास्त्रज्ञासारखा दिसला पाहिजे, आणि इतकी वर्षं किड्यांचे पाय न् पाय भिंगाखाली तपासणाऱ्या माणसाला आरशात स्वतःकडे एकदा नीट पाहावंसं वाटलं नाही. टोपी घरी आली त्या दिवशी आईने तिची किंमत सवयीने रुपयांत करून पाहिली आणि "एवढ्यात मिक्सर आला असता," एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

त्याआधीचे बाबा मला आवडायचे, हेही सांगून टाकते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत ते होते. कंपनी गोदामांना, पिठाच्या गिरण्यांना धुरी देऊन किडी मारायची, आणि कोणत्या किडीला कोणतं औषध किती पुरतं हे ठरवायचं काम बाबांचं. शारजाहून उजाडायच्या आत निघायचं, गाड्यांच्या त्या न संपणाऱ्या रांगेत जाऊन उभं राहायचं, संध्याकाळी पुन्हा तीच रांग उलट्या दिशेने. घरी येत तेव्हा चेहरा धुळीने नव्हे, कंटाळ्याने राखाडी झालेला असे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी बाई हौसेने विचारायची, "डॉक्टर, आमच्या तुरीच्या डाळीत ते बारीक बारीक काय होतं हो?" तर बाबा शांतपणे म्हणायचे, "आणून दाखवा, बघितल्याशिवाय कसं सांगू?" बायका नाराज व्हायच्या. मला मात्र त्या उत्तराचा अभिमान वाटायचा. बाकीच्यांचे बाप सगळ्या गोष्टी न बघता सांगायचे.

आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या पलीकडे मेडसाठी म्हणून बांधलेली एक बिनखिडकीची खोली होती. आमच्याकडे मेड नव्हती, त्या खोलीत किडे राहायचे. प्रयोगशाळेतला एसी बिघडला किंवा कुणी चुकून फवारा मारला तर पाळलेली सगळी जमात एका दिवसात संपते, म्हणून प्रत्येक जातीची एकेक बरणी बाबा घरी राखून ठेवत. काचेच्या रुंद तोंडाच्या बरण्या, तोंडाला मलमलचं फडकं, त्यावर रबर. कशात पीठ आणि यीस्ट, कशात गहू, कशात तांदूळ. गव्हाच्या बरणीला कान लावला की आत दाण्यादाण्यात बसलेल्या अळ्यांचं खाणं ऐकू यायचं, अगदी बारीक, कुणी शेजारच्या खोलीत पापड मोडत असावं तसं. लहानपणी मला झोप आली नाही की मी तिथे जाऊन बसायचे. मैत्रिणींना हे सांगायची सोय नव्हती, पण आमच्या घराचा आवाज म्हणून मला एसीच्या घरघरीइतकाच तो आठवतो.

या खोलीचे नियम बाबांनीच केलेले होते आणि ते बाबाच सगळ्यात कडकपणे पाळत. त्यांच्या धंद्यातला पहिला धडा असा, की पाहणीला गेलं की आधी स्वच्छ गोदामात जायचं आणि शेवटी किडक्या गोदामात, कधीही उलट नाही. कारण किडीला माणसाच्या शर्टाच्या घडीएवढा निवारा पुरतो. घरातही तेच. आधी चहा, नाश्ता, वर्तमानपत्र, आणि सगळ्यात शेवटी बरण्या. बरण्या हाताळून झाल्या की बाथरूममध्ये कपडे झटकायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, शर्ट बदलायचा, मगच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल. एकदा मी रास अल खैमाला त्यांच्याबरोबर गोदाम बघायला गेले होते, तर परत आल्यावर त्यांनी मला दारातच उभं करून माझ्या सॉक्सच्या शिवणी तपासल्या. मी वैतागून इंग्रजीत काहीतरी बोलले, कारण तेव्हा मी आईबापांना इंग्रजीतच उत्तरं द्यायचे. आमच्या पिढीतल्या सगळ्यांनाच ती हौस होती. बाबांनी ऐकून घेतलं आणि दुसरा सॉक्स काढायला सांगितला.

हे नियम इतके कडक असण्याचं कारण आई. आईचा फराळाचा उद्योग होता. सुरुवात दोन-चार घरांपुरती झाली, आणि मी अकरावीत होते तोवर दसरा संपला की फोन वाजायला लागायचा आणि दिवाळीपर्यंत थांबायचा नाही. चकली, शेव, करंज्या, अनारसे, पण नाव होतं ते बेसनाच्या लाडवांचं. डाळ ती स्वतः निवडायची, उन्हात नव्हे पण ओव्हनमध्ये कोमट करून घ्यायची, ओळखीच्या मल्याळी गिरणीवाल्याकडे समोर उभी राहून दळून आणायची. मग तुपावर भाजणं. मंद आचेवर तास न् तास ती कढईपाशी उभी असायची, आणि बेसनाचा रंग बदलायला लागला की तो वास आमच्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये, लिफ्टमध्ये, खालच्या बकाल्यापर्यंत, म्हणजे किराणा दुकानापर्यंत, जायचा. तो पठाण बकालावाला मला विचारायचा, "मम्मी का लड्डू हो गया?" शाळेत जाताना माझ्या युनिफॉर्मला तो वास यायचा आणि मी वैतागायचे. आज कुणी एखाद्या अत्तराच्या कुपीत तो भरून दिला तर मी विकत घेईन. आईकडे डिग्री होती, पण नोकरी कधी केली नव्हती. व्हिसावर तिच्या नावापुढे 'हाऊसवाइफ' लिहिलेलं होतं. या देशात कुणी तिला 'कारेकरांची मिसेस' सोडून दुसऱ्या नावाने ओळखत असेल, तर ते 'लाडूवाल्या शैलावहिनी' म्हणून.

बाबा टीव्हीवर गेले ते टोळांमुळे. एका वर्षी वाळवंटातून टोळांची एक लहानशी झुंड आली, दोन संध्याकाळी गाड्यांच्या काचांवर आपटत राहिली आणि निघून गेली. दुबईतून चालणाऱ्या एका हिंदी चॅनलला तज्ज्ञ हवा होता. त्यांनी कंपनीला फोन केला, कंपनीने बाबांना पाठवलं. बाबांनी टोळ हा टोळ का होतो आणि साधा नाकतोडा कधी राहतो, हे आपल्या कोकणी हिंदीत समजावून सांगितलं. लोकांना आवडलं. खन्ना नावाचा एक प्रोड्यूसर होता, केसांना जेल लावणारा, सगळ्यांना हबीबी म्हणणारा, तो घरी आला, आईच्या हातचे लाडू खाल्ले आणि म्हणाला, "डॉक्टरसाब, कॅमेरा आपको प्यार करता है." इतकी वर्षं किड्यांनी ज्यांच्यावर प्रेम केलं नव्हतं त्या बाबांना हे वाक्य फार भिडलं. काही महिन्यांत दर शुक्रवारी 'कीडा डॉक्टर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. प्रायोजक अर्थातच फवाऱ्याची एक कंपनी. वर्ष भरायच्या आत बाबांनी प्रयोगशाळेतली नोकरी सोडली आणि व्हिसाही चॅनलकडे गेला. बरण्या मात्र घरीच राहिल्या.

माणूस बदलतो म्हणजे काय होतं, ते मी तेव्हा जवळून पाहिलं. आधी हसणं बदललं. बाबा पूर्वी हसले तरी आवाज व्हायचा नाही. आता मान मागे टाकून, दात दाखवून, थोडं थांबून हसू लागले, कारण एडिटिंगला ती जागा लागते. मग वाक्यं बदलली. जेवताना आमटीत काळीमिरी दिसली तरी "आणि हे काय आहे, मित्रांनो?" असं म्हणायचे. फोनवर कुणी अबू धाबीहून सांगायचं, "घरात काहीतरी काळं काळं फिरतंय," की बाबा न बघता, न थांबता नाव सांगून मोकळे व्हायचे, वर फवाऱ्याचा डबा कॅमेऱ्याकडे फिरवायचे, लेबल पुढे. मी एकदा म्हटलं, "बाबा, यू डिडन्ट ईव्हन सी इट." तर म्हणाले, "अगं, लाइव्हमध्ये 'बघून सांगतो' म्हटलं तर लोक चॅनल बदलतात." मंडळाने त्यांचा सत्कार केला. ज्या बायकांना आधी ते खडूस वाटायचे त्या आता टोपीबरोबर फोटो काढून घेत होत्या. आईने सत्काराला जाताना चांगली साडी नेसली, पहिल्या रांगेत बसली, टाळ्या वाजवल्या. त्या वयात मला आईच्या सहनशक्तीचाही राग यायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर खन्नाला 'किचन स्पेशल' करायचं सुचलं. बाबांनी आपलंच घर सुचवलं. आईला सांगितलं ते असं, की आदर्श स्वयंपाकघर कसं असतं, धान्य कसं राखावं, हे लोकांना दाखवायचंय. "शैला, तुझ्यापेक्षा चांगलं कोण सांगणार? आणि फराळाचीही जाहिरात होईल." आई खुलली. तिने ओटा, कपाटं, डब्यांची बूडं पुसून काढली. खरं तर पुसायला काही नव्हतंच. लाडवांसाठीचं बेसन नुकतंच दळून आणलं होतं, स्टीलच्या मोठ्या डब्यात काठोकाठ. शुक्रवारी सकाळी ती नारायणपेठी नेसून, केसांत कुठून तरी मिळवलेला गजरा माळून तयार बसली होती. धान्य कसं राखावं हे सांगायची तिने रात्रभर मनात उजळणी केली असावी, कारण चहा करताना ती पुटपुटत होती, "पहले दाल को देखना, फिर... नहीं, पहले डब्बे को धूप."

खन्ना आला, दोन दिवे लावले, कॅमेरावाला ओट्यापाशी उभा राहिला. डबे उघडायला लागले. तांदूळ स्वच्छ. रवा स्वच्छ. डाळी एकेक दाणा मोजून घ्यावा अशा. खन्नाचा चेहरा उतरत गेला. "डॉक्टरसाब, ये किचन तो हॉस्पिटल लग रहा है. ऑडियन्स क्या देखेगी, स्टील के डब्बे? स्टोरी किधर है? स्पॉन्सर का डब्बा कब निकलेगा?" आई तेव्हा हॉलमध्ये होती, एक मुलगी तिच्या पदराला माइक लावत होती आणि आई तिला विचारत होती, हिंदीत बोलताना 'मैं' म्हणायचं की 'हम'. बाबा क्षणभर ओट्याला टेकून उभे राहिले. मी फ्रिजपाशी होते, म्हणून मला दिसलं. ते मेडच्या खोलीत गेले आणि पिठाची बरणी घेऊन बाहेर आले. ती बरणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मी तोवर कधीही पाहिली नव्हती. मी म्हटलं, "बाबा, नो! नॉट इन द किचन!" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "फक्त शॉटसाठी. नंतर चाळून टाकू." रबर काढलं, फडकं काढलं आणि बेसनाच्या डब्यावर बरणी तिरकी केली. तांबडे बारीक भुंगे आणि पांढरट अळ्या आईच्या त्या पिवळ्याधमक बेसनावर पसरल्या, आणि उजेड लागल्याबरोबर खाली शिरायला लागल्या. चाळून टाकू म्हणे! त्यांची अंडी पिठाच्या कणासारखीच दिसतात आणि चाळणीतून पिठाबरोबर सहज खाली येतात, हे मला याच माणसाने शिकवलं होतं.

मग कॅमेरा चालू झाला. बाबांनी टोपी सारखी केली, डबा उघडला आणि दचकले. काय दचकले! "देखिए! देखिए दोस्तो! बाहर से चमचमाता डब्बा, और अंदर? यही है घर घर की कहानी." तेवढ्यात आई माइक लावून दारात आली. तिने डब्यात पाहिलं. खन्नाने कॅमेरावाल्याला कोपराने ढोसलं आणि कॅमेरा आईकडे वळला. तिचा हात आपोआप तोंडाकडे गेला, डोळे भरले, ती एवढंच म्हणाली, "अगंबाई, माझ्या बेसनात?" नंतर खन्ना बाबांना म्हणाला, "सोना! भाभीजी का रिअ‍ॅक्शन, सोना!" त्याच दिवशीच्या कार्यक्रमात ते दाखवलं, आणि पुढे आठवडाभर कार्यक्रमाची जाहिरात म्हणून तेच दाखवत होते: बेसनातल्या अळ्या, मग आईचा चेहरा, मग फवाऱ्याचा डबा.

आता या गोष्टीला इतकी वर्षं झाली आहेत, मी केस रंगवायचं सोडून दिलंय, आई जाऊनही बराच काळ लोटलाय. मध्यंतरी कुणीतरी ती जुनी क्लिप मोबाइलवर फिरवली. मग आईच्या त्या चेहऱ्याचा स्टिकर झाला, खाली 'अरे देवा!' असं लिहिलेला. माझी एक चुलत बहीण कौटुंबिक ग्रुपवर तो हसतहसत टाकते; गॅसचं बिल आलं की टाकते, पाहुणे येणार म्हटलं की टाकते. ती आपली काकी, हे तिला ठाऊक आहे. पण टीव्हीवर एकदा दिसलेलं माणूस कुणाचं राहत नाही.

त्या दिवशी शूटिंगची माणसं सामान घेऊन गेल्यावर आईने साडी बदलली आणि ओट्यावरचे सगळे डबे खाली काढले. बेसन मोठ्या काळ्या पिशवीत ओतलं. डबे गरम पाण्याने घासताना ती स्वतःशीच बोलत होती, "माझ्या हातून असं झालंच कसं? डाळ ओली राहिली असेल का? गिरणीतून आलं असेल का?" तो गिरणीवाला बिचारा तिच्यासाठी जातं पुसून घ्यायचा, आणि ती त्याच्यावर संशय घेत होती. मला ते सहन होईना. मी तिला मराठीत सांगितलं, सगळं, जसं पाहिलं तसं. ती हात पुसून मेडच्या खोलीत गेली, रिकामी बरणी उचलून उजेडात धरली, परत जागेवर ठेवली. मग उरलेले डबे घासले. बाबा संध्याकाळी शीळ घालत आले, तेव्हा तिने त्यांना दारातच विचारलं, "अहो, बरणी तुम्ही ओतलीत?"

"शॉटसाठी होतं, शैला. अगं, टीव्हीत असंच चालतं."

"टीव्हीत चालत असेल. माझ्या ओट्यावर चालत नाही."

"लोक दोन दिवसांत विसरतील."

लोक विसरले नाहीत. जाहिरात सुरू झाली आणि फोन वाजायला लागला, पण वेगळ्या कारणाने. वरच्या मजल्यावरच्या नाडकर्णीकाकू, ज्या गेली कित्येक वर्षं आईकडून फराळ नेत होत्या, म्हणाल्या, "शैलावहिनी, ह्या वर्षी आमचं जरा कमीच करा. म्हणजे नकोच. ह्यांना डॉक्टरने बेसन बंद केलंय." नाडकर्णीकाकांना बेसन, कुणाला तूप, कुणाची मंडळी इंडियातून फराळ घेऊन येणार, दुबईच्या एका ग्रुपने तर काही न सांगता फोन उचलणंच बंद केलं. कुणीही किड्यांचं नाव काढलं नाही. मराठी माणूस फार सभ्य असतो, तोंडावर कधी बोलत नाही. आई प्रत्येकीला "बरं, बरं" म्हणत होती. तिसऱ्या का चौथ्या फोननंतर ती बाबांच्या समोर जाऊन बसली आणि म्हणाली, "शुक्रवारच्या लाइव्हमध्ये सांगा. एवढंच सांगा, की ते किडे तुमच्या बरणीतले होते. मला दुसरं काही नको."

बाबांनी कपाळ चोळलं. "सांगतो. इन्शाल्ला."

आखाती देशांत राहिलेल्या माणसाला या उत्तराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही: देवाची इच्छा असेल तर, म्हणजे बहुधा नाहीच. तरी आईने विश्वास ठेवला. बाबांच्या बाजूने एक गोष्ट मी मांडायला हवी: नोकरी गेली असती तर व्हिसा गेला असता, आणि तिघांना सामान बांधावं लागलं असतं. हे कारण खरं होतं. ते त्यांनी उघड सांगितलं असतं, तर आईने स्वतः त्यांना गप्प राहायला सांगितलं असतं, इतकी मी तिला ओळखते. पण बाबा म्हणायचे ते वेगळंच: "ऑडियन्सचा भ्रमनिरास होतो." भ्रमनिरास! ज्या माणसाने लोकांच्या डाळी बघितल्याशिवाय तोंड उघडलं नव्हतं, त्याला आता लोकांच्या भ्रमाची काळजी वाटत होती.

शुक्रवारी आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो. कार्यक्रम मुंग्यांवर होता. बाबांनी मुंग्यांच्या शिस्तीवर एक विनोद केला, झुरळांवर दोन केले. पहिली जाहिरात झाली, दुसरी झाली. बेसनाचं नाव नाही. शेवटचा टप्पा फोनचा असायचा. आई उठली, कोपऱ्यातल्या फोनपाशी गेली आणि स्क्रीनवरचा नंबर बघत बघत फिरवला. पलीकडची मुलगी म्हणाली असावी, टीव्हीचा आवाज बंद करा, कारण आईने मला खूण केली. मी आवाज बारीक केला, बंद नाही केला. बाबांनी टोपीखालून कॅमेऱ्याकडे बघत म्हटलं, "जी, अगला सवाल किसका है?"

"डॉक्टरसाहेब, मैं शारजा से शैला बोल रही हूँ. पिछले हफ्ते जो बेसन में किडे थे, वो तुमने खुद डाले ना? अपनी बरणी में से? मेरा बेसन चांगला था. वो सबको बोलो."

आमच्या छोट्या पडद्यावर बाबांचा चेहरा क्षणभर ओळखीचा झाला. बरण्या हाताळून हात धुतल्यावर आरशासमोर असायचा, तो जुना, थकलेला चेहरा. मला वाटलं, आता हा माणूस टोपी काढेल. खरंच वाटलं. मग त्यांनी मान मागे टाकली, दात दाखवले आणि हसले. "दोस्तो, पहचाना? ये हैं हमारी होम मिनिस्टर! देख रहे हैं ना, घर में मेरी क्या हालत है! सब कीडों की दवा है मेरे पास, इनकी नहीं है!"

"मैं मजाक नहीं कर रही," आई म्हणाली. "तुम सच बोलो."

"घर आकर डाँट खाऊँगा, मॅडम, पक्का!" मागून कुणीतरी हास्याची ती रेकॉर्ड लावली. तबल्याचा एक ठेका वाजला. फवाऱ्याची जाहिरात सुरू झाली. आईच्या कानाशी फोन तसाच होता. लाइन कधीच कटली होती. तिने तो खाली ठेवला, वायरचा गुंता सोडवून सरळ केला, आणि भाताला पाणी ठेवायला गेली.

त्यानंतरचे फोन मी विसरणार नाही. "वहिनी, काय ठसक्यात बोललात हो! आम्ही तर लोळून हसलो. लिहून कोणी दिलं होतं?" "अहो, तुम्ही अ‍ॅक्टिंग करता हे माहीतच नव्हतं!" एकीनेही, एकीनेही विचारलं नाही की वहिनी, खरं काय आहे. गंमत म्हणून सगळ्या हसल्या, आणि फराळाची ऑर्डर मात्र कुणी परत दिली नाही, कारण गंमत कानांनी ऐकली होती आणि अळ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आई आधी समजावून सांगायची, "नाही हो, ते खरंच होतं." पलीकडून आणखी हसू यायचं. मग तिने ते सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात बाबा बकलावा मिठाईचा मोठा डबा घेऊन आले, चेहरा नुसता उजळलेला. "शैला, खन्ना म्हणतोय, तुझा फोन सुपरहिट झालाय. दर शुक्रवारी करायचा. तू तक्रार करायची, मी उत्तर द्यायचं. तुलाही तुझं असं काहीतरी होईल." हे ते मनापासून, तिच्या भल्याचं म्हणून सांगत होते, आणि तेच मला आजही सगळ्यात किळसवाणं वाटतं. आई म्हणाली, "माझं माझं होतं की." बकलावा मुंग्या लागेपर्यंत टेबलावर पडून होता. किड्यांच्या डॉक्टरच्या घरी.

'कीडा डॉक्टर' पुढे बरीच वर्षं चालला. आईच्या फोनची जागा एका नटीने घेतली, तिला टीव्हीवरची बायको म्हणून लोक रस्त्यात ओळखायचे. बाबा आता पुण्यात असतात, सोसायटीच्या कार्यक्रमांना टोपी घालून जातात, आणि मी भेटायला गेले की जुने किस्से सांगतात. त्यात हा किस्साही असतो. ते तो फार रंगवून सांगतात.

त्या वर्षी दिवाळीत आईने फराळ केला, पण घरापुरता. नवं बेसन आणलं, तितक्याच मंद आचेवर भाजलं, तोच वास कॉरिडॉरमध्ये गेला. पहाटे अभ्यंगस्नान झालं, दिवे लावले, आणि ती हॉलमध्ये ताटं मांडून बसली. एरवी या दिवशी आमच्या दाराची बेल थांबायची नाही. डबे न्यायला आलेली माणसं बूट काढायलाही न थांबता शुभेच्छा द्यायची. बाबांनी लाडवाला हात घातला तर आई म्हणाली, "थांबा. कॅमेरा येऊ दे." बाबांनी हात मागे घेतला, थोड्या वेळाने पुन्हा पुढे केला आणि लाडू खाल्ला.

दुपारच्या सुमारास बेल वाजली. नाडकर्णीकाकू फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या, वर क्रोशाचा रुमाल. लाडू दुबईतल्या एका दुकानातले होते, खाली कागदाच्या वाट्या तशाच होत्या. दिवाळीच्या दिवशी आलेलं ताट रिकामं परत पाठवत नाहीत, म्हणून आईने आतून आपल्या लाडवांचं भांडं आणलं आणि झाकण काढायला लागली. काकूंनी घाईघाईने तिचा हात धरला. "अय्या, नको हं वहिनी, खरंच नको. घरी खायला कोणी नाही." आई थांबली. तिने भांडं खाली ठेवलं, काकूंचं ताट स्वयंपाकघरात नेऊन रिकामं केलं, आणि त्यात दोन चमचे साखर घालून आणलं. "रिकामं नको जायला," म्हणाली. काकू हसल्या, शुभेच्छा दिल्या आणि निघाल्या. मी दार लावायला गेले. काकू लिफ्टपाशी उभ्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. त्यांनी ताट कॉरिडॉरमधल्या ट्यूबलाइटखाली धरलं आणि बोटाने ती साखर पसरून पसरून पाहिली. बाबा माझ्या मागेच उभे होते.